सुयेराचे बारा दिवस

बाबा,

परवा आपल्याला सुयेर आलं. तुमच्या नातवाला पुण्यात मुलगी झाली. बातमी फोनवरून आली म्हणून काय झालं, आपल्या रक्तात लेकरू जन्मलं की बारा दिवस सुयेर, देवाला शिवायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून शेजारच्या काकूंना दिवा लावायला सांगितलं आहे. तुमची सून महिन्याभरापूर्वीच पुण्याला गेली. घरात मी एकटा. आज तीनदा चहा केला आणि तिन्ही वेळा दोघांपुरतं पाणी ठेवलं. उरलेला चहा बेसिनमध्ये ओतताना मला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांची सवय आहे हे खरं, पण महिनाभरात माणसाला एक कप मोजता येऊ नये म्हणजे काय!

सुयेर म्हटलं की मला आपलं जुनं स्वयंपाकघर आठवतं. आई ज्वारीची भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि आई माझ्या जन्माची गोष्ट शंभराव्या वेळी सांगते आहे. तुम्ही मधेमधे "तसं नव्हतं ते" म्हणता. निजामी गेली होती, हैदराबाद संस्थान भारतात आलं होतं, आणि आता भाषेवरून राज्यं कापून आपला मराठी बोलणारा मुलूख आंध्रात गेला होता. तुम्ही तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. सगळं लिखाण उर्दूत शिकलेले. किनाऱ्याकडून नवे तेलुगू साहेब आले, नवी रजिस्टरं आली, आणि साहेबांनी हळदकुंकू लावून, नारळ फोडून त्यांची पूजा केली. त्याच पहाटे मी जन्मलो. आईला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आपल्याच घरी झालं.

तुम्ही रुखसतीची दरखास्त घेऊन गेलात. रजेला तेव्हा रुखसत म्हणायचे, अर्जाला दरखास्त. पेशकारांनी, म्हणजे तुमच्या वरच्या मोठ्या कारकुनाने, ती वाचली आणि भर कचेरीत हसले. "बायको बाळंत झाली का तुमी?" सगळे खो-खो हसले. दरखास्त परत. तुम्ही जागेवर जाऊन बसलात, पण नव्या रजिस्टराला हात लावेनात. साहेबांनी विचारलं, काय झालं? तुम्ही म्हणालात, "साहेब, मले सुयेर हाये. पूजेच्या वहीले हात लावू का?" साहेबांना कळेना. शिपायाने सुयेराला तेलुगू शब्द सांगितला, "पुरुडु, सार, पुरुडु." बस्स! आई इथे भाकरी तव्यावर टाकून हसू लागायची. साहेबांनी खुर्चीच मागे ओढली. "अय्यो! मुट्टुकोवद्दु!" शिवू नको, शिवू नको! बारा दिवस या इमारतीत पाऊल टाकायचं नाही. पेशकार म्हणाले, मग बिनपगारी लिहू? साहेब म्हणाले, मी येऊ नको म्हणतो आहे, तर पगार कसा कापू? भरपगारी लिहा.

अशी तुम्हाला भरपगारी बारा दिवसांची रजा मिळाली. त्या मुलखात ती दुसऱ्या कोणा बापाला मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही. आईसाठी तुम्ही शेगडी पेटवलीत, पाणी तापवलंत, आणि कोवळ्या उन्हात मला मांडीवर घेऊन बसलात. आईचा उजवा हात महिनाभर दुखत होता, म्हणून माझी ढेकर काढायलाही तुम्हीच शिकलात. कामावर परतलात तेव्हा पेशकार म्हणाले, "काय बाळंतीणबाई, शेक घेतला का?" तुम्ही म्हणालात, "घेतला. बेस वाटते. तुमीबी घेऊन पाहा." गोष्ट इथे संपायची. तुम्ही दोघं हसायचात आणि भाकरी पुढ्यात यायची.

पण माझ्यासाठी ती तिथे संपत नव्हती, बाबा. ते नाव तुम्हाला चिकटलं. बाजारात भाजी घ्यायला गेलो तर भाजीवाली विचारायची, "बाळंतिणीचा पोरगा का रे तू?" शाळेत भांडण झालं की पोरं तेच ओरडायची. तुम्ही ते नाव टोपीसारखं वागवलंत. मला ते खड्यासारखं टोचायचं. एकदा मी रडत घरी आलो, तुम्ही विचारलंत, "काऊन रडून राह्यला?" आणि मी पडलो म्हणून सांगितलं. तुमच्याशी बोललेलं ते माझं पहिलं खोटं असावं.

दुसरं खोटं मोठं आहे. त्याच्याचसाठी लिहायला बसलो.

मी तुमच्याच कचेरीत लागलो. तुम्ही निवृत्त होऊन ओसरीवर बसायला लागलात आणि मला मुलगा झाला. सून पहिल्या बाळंतपणाला माहेरी, पैनगंगेपलीकडे. पोस्टकार्ड आलं, दोघं खुशाल. तेव्हा आमच्याकडे तालुके मोडून मंडलं होत होती. कचेरीभर मिसलींचे ढिगारे, कोणती फाइल कोणत्या मंडलात जाणार याचीच भांडणं. तुम्ही कार्ड दोनदा वाचलंत आणि म्हणालात, "दरखास्त दे उद्या. आता तं तुमच्या खात्यावर भरपगारी रजा जमा असते. मले सुयेराचं नाव सांगा लागलं, तुले तेबी नाई लागत." मग म्हणालात, "आपल्याले काई इटाळबिटाळ होत नाई रे. त्या बारा दिवसांत लेकराले बाप लागते. जुन्या मानसाईनं इटाळाचं नाव सांगून त्याले घरी बसवलं."

मी अर्ज लिहिला. खिशात ठेवला. कचेरीत पेढे वाटले. पेशकारांच्या जागेवर आता दुसराच होता, पण गोष्ट सगळ्यांना पाठ. पेढा तोंडात टाकून एकजण म्हणाला, "मंग? बाळंतिणीचा पोरगाबी बाळंतीण होते का?" सगळे हसले. वाईट मनाने नाही, बाबा. मीही हसलो. "छे छे," म्हणालो, "आमी काई तसले नाई." आणि अर्ज खिशातच राहिला.

संध्याकाळी जेवताना तुम्ही विचारलंत. मी मान खाली घालून सांगितलं, साहेब नाही म्हणाले, मंडलांचं काम आहे. आईने साहेबाला शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास बघतो तर तुम्ही टोपी घालून, इस्त्रीचं धोतर नेसून कचेरीच्या बाकावर बसलेले! साहेबांनी तुम्हाला आत बोलावलं. मी ढिगाऱ्याआड उभा राहून एकच फाइल तीनदा चाळली. तुम्ही बाहेर आलात. माझ्या टेबलाजवळून गेलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत. दुपारी साहेबांनी मला बोलावलं आणि तेलुगू-हिंदीत म्हणाले, "तुम्हारा फादर बहुत अच्छा आदमी है. छुट्टी क्यों नहीं माँगा तुम? देता मैं. अब भी दो अर्ज." मी म्हणालो, जरूरत नहीं सार.

घरी आलो तर तुम्ही पिशवी भरत होता. दोन धोतरं, पंचा, तिळाच्या तेलाची बाटली. मी विचारलं, कुठे? "जाऊन येतो. सुयेर मलेबी हाये, मी पाळतो." व्याह्याच्या घरी? एकट्याने? बारा दिवस? आईने कपाळावर हात मारला. "लोक काय म्हनतीन!" तुम्ही म्हणालात, "जे आधी म्हनत होते तेच." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तुम्ही मला एवढंच विचारलंत, "जेवला का?"

चार दिवसांनी इचोड्याच्या एका ट्रकवाल्याबरोबर तुमचा निरोप आला. "म्हाताऱ्यानं सांगतलं, एका दिवसासाठी ये. हात धुऊन ये. लेकरू कसं घ्याचं ते दाखवतो." मी ट्रकवाल्याला चहा पाजला. मंडलांचं काम आहे म्हणालो.

गेलो ते तीन महिन्यांनी. माझ्या हातात दिल्याबरोबर पोरगा असा टाहो फोडून रडला की सासूबाई धावत आल्या. तुम्ही त्याला घेतलंत, छातीला लावलंत, आणि गप्प! तो तुमचाच, त्याच्या आबांचाच, झाला तिथून पुढे. शाळेत पोचवणं तुम्ही, ताप आला की मांडी तुमची. तुम्ही गेलात तेव्हा आठ वर्षांचा होता. मला बिलगून रडला नाही, तुमची टोपी घेऊन कोपऱ्यात बसला. मी जवळ गेलो तर जरा सरकला, मला जागा करून दिल्यासारखा. पाहुण्याला देतात तशी.

तुम्हाला ठाऊक होतं मी अर्ज दिला नाही. का दिला नाही, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. तुमची लाज वाटली म्हणून, बाबा. तुम्ही मला बारा दिवस मांडीवर घेऊन बसलात, आणि मला त्याचीच लाज वाटली. हे मी आजपर्यंत तुमच्या सुनेलाही सांगितलेलं नाही. तिला अजून वाटतं, तो साहेब खडूस होता.

आता आपल्या जिल्ह्याचेसुद्धा चार जिल्हे झाले. आमच्या फाइली पुन्हा कुठल्या कुठे गेल्या असतील. मंडलांच्या ज्या कामासाठी मी थांबलो, त्याचा एक कागद आज कोणी उघडत नसेल.

काल तुमच्या नातवाचा फोन आला. त्याची कंपनी बापाला भरपगारी रजा देते, महिन्याहून जास्त. मागायचीसुद्धा गरज नाही म्हणे, ऑफिसातून त्यालाच विचारलं, कधीपासून घेता? फोनवर लेकीला खांद्यावर घेऊन हिंडत होता. "पप्पा, मी बाळंतीण झालो बघा, आबांसारखा! सगळ्यांना सांगून राह्यलो, आमच्याकडे ही खानदानी पद्धत आहे." आणि हसला. थेट तुमचं हसू. खानदानी म्हणाला. मधली कडी मोजलीच नाही त्याने. मला वाईट वाटू नये म्हणून की खरंच लक्षात नाही म्हणून, कोण जाणे.

मग म्हणाला, "या ना तुमी. रात्रीच्या बसनं निघा, सकाळी इथं. आई म्हणते, पोरीचं नाक तुमच्यावर गेलंय. घ्या तिला." मागून लेकरू कुरकुरत होतं.

मी म्हणालो, बघतो. इथं जरा कामं आहेत.

काहीच काम नाही, बाबा. निवृत्त होऊन किती वर्षं झाली मला. मला लेकरू घेता येत नाही, एवढंच आहे. ट्रकवाल्याबरोबर तुम्ही बोलावलं होतं तेव्हा शिकलो असतो. आज तिसरा दिवस. अजून नऊ उरले आहेत. सकाळपासून दोनदा साबणाने हात धुतले, आणि पुसून पुन्हा इथेच येऊन बसलो.