तोंडावाटे

३ मार्च, सोमवार

वमन. म्हणजे उलटी. म्हणजे मी शुद्धीत, मुद्दाम, चार माणसांसमोर उलटी करायची!

वैद्यांनी इतक्या सहज सांगितलं, जसं काही दाढी करून या म्हणत होते. सूतगिरणीतली कापसाची धूळ इतकी वर्षं छातीत गेली, दमा धरला. "कफ छातीत आहे, त्याला जवळची वाट तोंडाची. तिथूनच काढायचा." दम्याचा फवारा मात्र चालू ठेवायचा म्हणाले. आजपासून दवाखान्यात ॲडमिट.

चिंचोळीच्या गिरणीत रजा टाकून आलोय. साहेबांनी स्पष्टच सांगितलं — अजिनाथ, परत मशीनवर धाप लागून बसलास तर तुला गेटवर बसवावं लागेल. आयुष्य जॉबर म्हणून, मशीनं लावण्यात-दुरुस्त करण्यात गेलं माझं. आता गेटवर बसून पोरांच्या गाड्यांचे नंबर लिहू?

पण आज भीती गेटची नाही, उलटीची आहे. हे फक्त इथं लिहितो. गिरणीत मला वाघ म्हणतात.

४ मार्च

कफ सैल व्हावा म्हणून तूप प्यायलो. कडू औषधात शिजवलेलं, कोमट, उपाशीपोटी. कडकडून भूक लागेपर्यंत नुसतं गरम पाणी. उद्या याहून जास्त म्हणे.

घशापर्यंत परत आलं. गिळलं. बाहेर आलं असतं तर — या विचारानंच बनियन भिजला.

६ मार्च

शेजारच्या कॉटवर प्रभुलिंग म्हणून किराणा दुकानदार आहेत. कंबर धरलीय. त्यांना बस्ती चालू, म्हणजे खालच्या वाटेनं तेल आणि काढे. पहिल्या दिवशी लाजून भिंतीकडे तोंड करून पडले होते. आता हॉटेलात ऑर्डर द्यावी तसं विचारतात, "आज तेलाची का काढ्याची?"

पलीकडच्या खोलीत डोकेदुखीच्या एक बाई आहेत, त्यांना नस्य — नाकात थेंब. त्याच्या पुढच्या खोलीत एकाच्या पायाला जळवा लावतात. दारातून बघून आलो. जळू रक्त पिऊन टम्म फुगलेली आणि हा बाबा मोबाईल बघतोय. मला त्याचा हेवा वाटला.

शरीराला एवढ्या वाटा आहेत, मग माझ्या वाट्याला तोंडच का? वैद्यांना गाठून म्हटलं, मला बस्ती द्या, जुलाब द्या, जळवा लावा पाहिजे तेवढ्या.

ते हसले. "हे काय एसटी स्टँड आहे का, ही गाडी नाही तर ती? वाताला बस्ती, पित्ताला जुलाब, कफाला वमन. नको असेल तर नको म्हणा, जबरदस्ती नाही. पण कारण सांगा."

म्हटलं, सहज विचारलं.

७ मार्च

तुपाचा पेला आणखी भरलेला. बघून चादर डोक्यावरून ओढून घेतली. नर्सबाईंना वाटलं थंडी वाजतेय. मार्चमध्ये, सोलापुरात!

८ मार्च

लिहूनच टाकतो.

पाच वर्षांचा होतो. मैंदर्गीला आम्ही शेतात वस्तीवर राहायचो. पेरणीसाठी कीटकनाशक चोळून ठेवलेली ज्वारी चुकून दळणात गेली. त्या भाकरीनं आण्णा गेले, माझे वडील. मी नुसतं दूध पिऊन झोपलो होतो म्हणून वाचलो.

मला आठवतं ते एवढंच. झुंजूमुंजू झालेलं. गोठ्यामागं घोंगडं पांघरून आण्णा वाकलेले, पाठ माझ्याकडे. ओकत होते. थांबतच नव्हते. पाठ वर यायची, खाली जायची, आणि तो आवाज. तेवढ्यात कुणीतरी मला उचललं आणि मावशीकडं नेऊन सोडलं. परत आणलं तेव्हा आण्णा नव्हते.

तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलंय की माणूस उलटीनं मरतो. चाळिशी ओलांडली, पण मी एकदाही ओकलो नाही. दाबून धरतो. आमची लेक संस्कृती लहान असताना दूध ओकली की मी घराबाहेर पळायचो, सोनाली एकटी निस्तरायची. "एवढी काय किळस येते तुम्हाला, पोटच्या पोरीची?" म्हणायची. मी हो म्हणायचो. भीती वाटते असं बायकोला सांगायची लाज वाटायची.

९ मार्च

सोनाली भेटून गेली. माझं तोंड बघून म्हणाली, "जमत नसंल तर घरी चला. फवारा हाय की."

मी रुबाबात, "कोण म्हणतं जमत नाही?"

ती गेल्यावर जिना चढून बघितला. वरच्या मजल्यावर पोचलो तर छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या. कठडा धरून उभा राहिलो. घरी जावं तर ही धाप, थांबावं तर ती उलटी. रडू आलं. कुणी बघितलं नाही.

१० मार्च

तूप संपलं. अंगाला तेल चोळून पेटीत बसवलं, वाफ दिली. जेवायला उडीदवडे, दहीभात, जिलेबी. दम्याच्या माणसाला! उद्या कफ सुटून यावा म्हणून मुद्दाम देतात. प्रभुलिंग म्हणाले, "यप्पा, बोकडालाबी शेवटच्या दिवशी आसंच चारतेत की." हसलो. मग ताट बाजूला सारलं.

संध्याकाळी मैंदर्गीला आईला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं, "आई, उद्या उलटीचं औषध देणार हायत. मला लई भ्या वाटतंया."

मग सगळंच सांगितलं. गोठा, घोंगडं, आण्णांची पाठ. त्या दिवसाबद्दल आम्ही मायलेक कधी बोललोच नव्हतो. तिनं विषय काढला नाही, मी विचारलं नाही.

तिनं आधी एवढंच विचारलं, किती वाजता देणार. मग म्हणाली, "पयल्या यष्टीनं येते. मी आल्याबिगर पिऊ नगंस."

आता जास्तच भीती वाटतेय. म्हातारीला उगीच बोललो. तिचा नवरा तसा गेला, आता लेकाला तसंच ओकताना बघणार.

११ मार्च

खुर्चीत बसवलं होतं. नाडी बघून झाली, रक्तदाब बघून झाला. पुढ्यात ज्येष्ठमधाच्या काढ्याचं पातेलं, बाजूला उलटी आणणारं, मधात कालवलेलं गेळफळ. माझे ओठ घट्ट मिटलेले. वैद्य म्हणाले, राहू द्यायचं का? मी मान हलवणार होतो, तेवढ्यात आई आली. पिशवी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

"गोठ्यामागं तुजा बा नव्हता रं. ती मी हुते. मीबी खाल्ली हुती ती भाकर. लोकांनी दोगांलाबी मिठाचं पाणी पाजलं. मला वकाऱ्यावर वकाऱ्या आल्या. त्येंला एकबी आली न्हाय."

मी पेला मागून घेतला.