बाबांच्या बाराचं माप

तीर्थरूप कुशाबाकाकांच्या पायांवर राजेशचं डोकं (पत्रातून जेवढं टेकवता येतं तेवढं). काकींच्या गुडघ्यांना सवच्या गरम झऱ्याच्या पाण्याने आराम पडला होता, तो भांडुपला गेल्यावर टिकला ना? इकडे आई बरी, तुमची सूनबाई अपेक्षा बरी, म्हैस बरी. मीच तेवढा हातभर उडतोय. फोनच केला असता, पण आपल्या डोंगरातून फोन म्हणजे अर्धं वाक्य तुम्हाला आणि अर्धं दरीला. शिवाय हे सगळ्या वाडीने ऐकावं असं नाही.

काका, बंदुकीचा परवाना माझ्या नावावर झाला! बाबा गेल्यानंतरचा हा पहिला शिमगा, आणि पालखी उठतानाचा बार म्हणजे आपल्या घराचा मान. बार काढणाऱ्याने एकट्याने देवळामागच्या आडोशाला जायचं, पालखी खांद्यावर आली की बार उडालाच पाहिजे, नाहीतर मान पुढच्या घराला. पुढचं घर म्हणजे भिकाजी. त्याने आत्तापासूनच मिशीला तेल लावायला घेतलंय. (मिशी अशी काही नाही, पण तेल भरपूर.) माझी सगळी तयारी झाली आणि अडलं एकाच गोष्टीवर. आपल्या त्या ठासणीच्या बंदुकीत दारू भरायची किती? नळी ही एवढी, माझा अंगठा आरामात आत जातो, आणि बाबा माप न सांगताच गेले.

मी पडलो एमआयडीसीतला माणूस, आम्ही चहात साखरसुद्धा मोजून घालतो. म्हणून आधी इंटरनेट उघडलं. काय एकेक माणसं हो! मोठ्या नळीच्या रायफलींची काडतुसं घरी भरणारे अमेरिकेतले म्हातारे, कोष्टकांवर कोष्टकं, आणि प्रत्येक कोष्टकाखाली ताकीद, की हे माप तुमच्या बंदुकीला लावू नका. अरे, मग दिलंत कशाला? तिथून उठलो तो वाडीत फिरलो. धोंडूआजोबा म्हणाले, चिमूट पुरे. बनुबाई म्हणाल्या, आमचे हे करवंटीने घालायचे. (त्यांच्या ह्यांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती, हे मला घरी आल्यावर आठवलं.) भिकाजी तर आपणहून ओटीवर येऊन सांगून गेला, "मूठभर घाल रे, घाबरतोस काय?" त्याची मूठ तुम्ही पाहिलीच आहे. प्रत्येकाचं माप ज्याच्या त्याच्या बंदुकीचं, आणि प्रत्येकाला वाटतं जगात बंदूक एकच.

शेवटी आमच्या पाळीचे सेफ्टीवाले बुद्धरत्न साहेब माझ्यावर असे भडकले म्हणता! "सांगीव मापावर मी टाकी भरू देत नाय, आणि तू ते गालाला लावून उडवणार? आधी जाणकाराला नळी दाखव." म्हणून गेलो महाडला, बंदुका दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे. त्यांनी नळीत गज घातला, तो मध्येच अडला. काढून बाहेरून लावून बघितला, परत घातला, आणि अगदी हळू म्हणाले, "ही भरलेली हाय." काका, दुकानातलं गिऱ्हाईक चपला टाकून पळालं. मीही पळालो, पण बंदूक माझीच, म्हणून परत यावं लागलं. भरलेली! जिला अपेक्षा बाजाराच्या पिशव्या अडकवते ती! जिच्याखाली माझ्या लग्नाचा फोटो काढला ती!

मिस्त्रींनी जपून जपून सगळं बाहेर काढलं. बघतो तर आत एक बार नाही, एकावर एक दोन, चिंध्यांच्या बोळ्यांसकट. दारूचा पार दगड झालेला, आणि नळीला आतून चीर. म्हणाले, वीसेक वर्षं तरी ही उडालेली नाय, आणि आता कुणी उडवायची पण नाय. जीव वाचला म्हणून मी एसटीत इतका खूश, की कंडक्टरलाही नमस्कार केला. पोलादपूर आलं तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. वीस वर्षं बंदूक उडाली नाही, तर गेल्या शिमग्यापर्यंत बाबा दरवर्षी बार कसला काढत होते?

असो. काकींना घेऊन शिमग्याला नक्की या.

तुमचा,
राजेश

ता.क. आईला विचारलं. तोंडाला पदर लावून इतकी हसली, की बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. बाबांनी भरून ठेवलेली बंदूक तुम्ही न विचारता वरून परत भरलीत म्हणे! मग उडवायची छाती दोघांचीही होईना, आणि महाडला न्यावी तर गावभर बोभाटा. म्हणून बंदूक वर्षभर खुंटीला, शिमग्याला नुसती मिरवायला, आणि आडोशाला सुतळी बॉम्ब, तोही मुंबईहून तुम्ही आणलेला. लग्नाच्या फोटोत तुम्ही एवढे वाकून का उभे आहात, ते आत्ता कळलं.

ता.क. २. तर काका, या वर्षीही आणा. एकच पुरतो ना? तरी दोन आणा, एखादा सर्द निघायचा. इथे घेतला तर भिकाजीच्या कानावर गेलाच म्हणून समजा.

ता.क. ३. आई म्हणते, वात पेटवून लांब झाले की बाबा बंदूक खांद्याला लावून ताठ उभे राहायचे, बघायला कुणी नसलं तरी. मीही तसाच उभा राहणार आहे. फक्त या पहिल्या वर्षी तुम्ही शेजारी हवे आहात, मला एकट्याला ते जमायचं नाही. (बार काढणाऱ्याबरोबर घरचं वडीलधारं माणूस चालतं, असं मी भिकाजीला आजच ठोकून दिलंय.)