स्वतःच्या मालकीचा सर्व्हर

१ फेब्रुवारी २०२५, शनिवार

हर्षदने ग्रुपवर टाकलं की सर्व्हर २८ तारखेला संपतोय आणि आता पुढचं तो भरणार नाही. त्याला जुळी झालीत, वेळ नाही म्हणे. जगात जुळी यालाच झालीत. वैताग आहे नुसता.

म्हणजे आमची बिल्डिंग दुसऱ्यांदा जाणार. पहिल्यांदा बिल्डरने पाडली, त्याला तीन वर्षं झाली. टॉवर सहाव्या स्लॅबवर अडकलाय आणि आम्ही मुलुंडला भाड्याने पडलोय. घाटकोपरला पंतनगरच्या त्या बिल्डिंगमध्ये चौघं एकत्र वाढलो: मी, हर्षद, त्याची बहीण निधी आणि आता दुबईला असलेला किरण. पाडली त्याच वर्षी आम्ही ठोकळे रचायच्या ऑनलाइन गेममध्ये ती जशीच्या तशी उभी केली. जिना, टाकी, गच्चीचं वाकडं दार, आमची तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी. दर शनिवारी संध्याकाळी तिथेच भेटतो. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे राहून आपली गॅलरी बघतात. हे सगळं ज्या मशीनवर राहतं, तो सर्व्हर. तो बंद की बिल्डिंग पुसली.

लगेच लिहिलं: चिंता नको. मी बघतो.

निधीने अंगठा टाकला. किरणने जोडलेले हात. हर्षदने विचारलं, नक्की ना? या ‘नक्की ना’चा मला मनापासून राग आला.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रश्न सरळ आहे. सर्व्हर विकत घ्यायचा की भाड्याने? हर्षद म्हणतो, महिना सहाशे रुपये भाडं, चौघांत दीडशे. फाइल कॉपी करायची, अर्ध्या तासाचं काम. अर्ध्या तासात लोक भाजी निवडत नाहीत. या घाईनेच सगळीकडे वाट लागलीय.

नवी वही आणली. दोन रकाने पाडले. वरती तारीख घातली.

बाबांना सहज विचारलं. बाबा म्हणाले, जालन्याहून आलो तेव्हा कुर्ल्याला भाड्याची खोली होती. खिळा मारायचा तर मालकाला विचारावं लागायचं. खिळा बाबासाहेबांच्या फोटोसाठी हवाय हे कळल्यावर मालकाने खोलीच सोडायला सांगितली. पंतनगरची खोली मिळेपर्यंत फोटो ट्रंकेत होता.

अंगावर काटा आला. मी तिथल्या तिथे ठरवलं आणि बाबांना सांगितलंही: सर्व्हर विकतच घेणार. बाबा म्हणाले, खिळ्याचा आणि याचा काय संबंध? जुन्या माणसांना आपल्याच बोलण्याची खोली कळत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

ग्रुपवर मीटिंगचा अजेंडा टाकला. सहा मुद्दे. पोलही टाकला. अजून एकाचंही मत नाही. मला या उदासीनतेची शिसारी येते.

निधीने लिहिलं, मी आत्ताच भाड्याने घेऊन टाकू का, दहा मिनिटांत होईल. मी तिला नीट समजावलं की कामाची एक प्रोसेस असते, असं कुणीही उठून करायचं नसतं. तिने ‘बरं’ लिहिलं. पटलं तिला.

८ फेब्रुवारी, शनिवार

आजचा खेळ बुडवून अंधेरीला गेलो. ऑफिसातल्या कुणीतरी निलेशचा पत्ता दिला होता. कंपन्यांनी काढून टाकलेले सर्व्हर विकतो. गाळ्यात उभं राहायला जागा नाही, सगळीकडे धूळ, आणि हा माणूस तसल्या धुळीत बसून वडापाव खात होता. किळस आली. पण ज्ञान आहे. म्हणाला, साहेब, बँकेतला पीस आहे, घरच्यासारखा वापरलाय.

ग्रुपवर कळवलं की बाजारपेठेचा अभ्यास चालू आहे. तिघांचीही ताबडतोब उत्तरं. किरण म्हणाला, घाई करू नको रे, आरामात बघ. हर्षद म्हणाला, एकदम निवांत. आठवडाभरापूर्वी हाच ‘नक्की ना’ विचारत होता. विश्वास असा कमवावा लागतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांनी माझ्या बायकोचा, चेतनाचा, जुना टॅब मागून घेतला. इअरफोनपण. चेतना म्हणाली, काल निधीचा फोन आला होता, बाबांशी पाऊण तास बोलत होती. गुडघ्यांची चौकशी करत असणार. चांगली मुलगी आहे. माझी चौकशी केली का विचारलं, तर चेतना म्हणाली, नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घेतला! सव्वीस हजार. बावीस किलो. रिक्षावाला म्हणाला, दोन पॅसेंजर धरेन. लिफ्ट बंद, चार मजले मी आणि वॉचमन. वॉचमनने मधेच विचारलं की यात नेमकं काय आहे. मी म्हटलं, बिल्डिंग. त्याने आपल्या बाजूचा हात सोडला. अंगठा सुजलाय.

पण मालकीची गोष्टच वेगळी.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चालू केला. अख्ख्या घरात असा आवाज झाला की बाबा बाहेर आले आणि म्हणाले, पाण्याचा पंप आपल्याकडे कधी आणला? शेजारच्या शेवंतीमावशी दारात येऊन उभ्या. त्यांना वाटलं आम्ही पिठाची गिरणी टाकली. चेतनाने मशीनला हात लावून बघितला. मग विचारलं, हा चोवीस तास चालणार का. मी अभिमानाने हो म्हटलं. तिने मोबाइलवर हिशेब केला की नुसती वीज भाड्याच्या तिप्पट होते.

ज्या घरात प्रत्येक गोष्ट पैशात मोजतात तिथे काही मोठं उभं राहत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ग्रुपवर सांगितलं, संध्याकाळी सहाला टेस्टिंग, सगळ्यांनी हजर राहा. हर्षदची जुळी आजारी. निधीकडे पाहुणे. किरणला ऑफिस, तेही दुबईत, शनिवारी. तिघांची कारणं दोन मिनिटांत आली. असल्या लोकांसाठी मी अंगठा सुजवून घेतला! सहा वाजता एकटा मशीनसमोर बसलो. बाजूला बाबा टॅब घेऊन, कानात इअरफोन, एकटेच हसतायत. मधेच म्हणाले, अरे पोरांनो, टाकीचं झाकण लावा. फॉरवर्डेड व्हिडिओंनी म्हातारी माणसं पार बिघडवून टाकलीत. बघवत नाही.

चेतनाही त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तीसुद्धा हसत होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

चेतनाने सर्व्हरच्या मागे, जिथून गरम वारा येतो तिथे, इडलीच्या पिठाचं पातेलं ठेवलं. मी विरोध नोंदवला.

पीठ फार छान फुगलं. आठ इडल्या खाल्ल्या. पण तत्त्व म्हणून चूक ते चूक.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस घाणेरडा. सगळं लावून बघितलं, बाहेरून कुणालाच आत येता येत नाही. इंटरनेटवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, साहेब, तुमच्या पूर्ण सोसायटीला बाहेरचा पत्ता एकच आहे. बाहेरच्याला तुमच्या मशीनपर्यंत यायचं तर तुम्हाला वेगळा पत्ता लागेल. मी म्हटलं, द्या. म्हणाला, महिन्याला चारशे.

म्हणजे सर्व्हर माझा आणि पत्ता भाड्याने. मी त्याला विचारलं, पत्ता विकत मिळतो का? तो हसला. त्या हसण्याची मला अजून चीड येतेय.

वर म्हणाला, कनेक्शन घरमालकाच्या नावावर आहे, त्यांची सही लागेल.

१९ फेब्रुवारी, बुधवार. सुट्टी

घरमालकांकडे जुहूला गेलो. त्यांच्याकडे लिंबू सरबत देतात पण बसायला सांगत नाहीत. उभ्याने प्यालो. त्यांना वाटलं मी घरात धंदा काढतोय. मी समजावलं की बेचाळीस वर्षांचा माणूस आहे, विमा कंपनीत सीनियर असिस्टंट आहे, फक्त गेम खेळायचाय. यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, त्यापेक्षा धंदा म्हटलेलं बरं होतं. विचार करून कळवतो म्हणाले.

निधीने आज पुन्हा बाबांना फोन केला. बाबा उठून गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

घरमालकांचा नकार. कारण दिलं नाही. शी.

संकल्प:
१) उद्या निलेशकडे मशीन परत.
२) तात्पुरतं, फक्त तात्पुरतं, भाड्याने घेणे.
३) ग्रुपला यातलं काही न सांगणे.

२३ फेब्रुवारी, रविवार

निलेश म्हणाला, परत घेईन, पण किलोवर. मी विचारलं की घरच्यासारखा वापरलेला पीस किलोवर कसा काय जातो. म्हणाला, साहेब, तुम्ही अकरा दिवस चालवलात ना, त्यात पिठाचा वास येतोय. मशीन तसंच घरी आणलं. वॉचमन मला बघून आत गेला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज भाड्याने घेणार होतो. पण भाड्याचे नऊ प्लॅन निघाले. घाईत चुकीचा घेण्यापेक्षा तुलना करू. वहीत नऊ रकाने पाडले. हर्षदला मुदत वाढेल का विचारलं. म्हणाला, नाही, पण टेन्शन घेऊ नको. टेन्शन घेऊ नको! ज्याने गच्चीचा जिना स्वतः बांधला, त्याला काडीचं दुःख नाही. एवढी निबर माणसं माझे मित्र कशी झाली?

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपार

लंच टाइममध्ये ऑफिसातून प्लॅन नक्की केला. सहाशेवाला. पैसे भरले. मग फाइल घ्यायला हर्षदच्या सर्व्हरवर गेलो.

काही नाही. पान उघडतच नाही.

२८ ला संपतो म्हणजे २८ धरून, असं मी समजत होतो. तो २७ धरून निघाला. सोळा वर्षं विमा कंपनीत आहे. पॉलिसीची मुदत नेमकी कधी संपते ते रोज दहा लोकांना समजावतो आणि ज्यांना समजत नाही त्यांना मनात हसतो.

हर्षदला फोन केला नाही. कुठल्या तोंडाने करू? साहेबांना डोकं दुखतंय सांगून निघालो.

२८ फेब्रुवारी. संध्याकाळ

घरी येऊन सर्व्हरचं बटण बंद केलं. इतकं शांत झालं की चेतना किचनमधून बघायला आली. मी वहीत डोकं खुपसलं.

आईची कुंडी त्या गॅलरीत होती. खरी कुंडी बिल्डिंग पाडायच्या दिवशी हमालाने फोडली. गेममधली बाबांनी माझ्या मागे उभं राहून करून घेतली होती. अजून डावीकडे, अजून थोडी. तेव्हा मी त्यांच्यावर वैतागलो होतो. महिनाभर मी सगळ्यांना नावं ठेवली. हर्षदला, निलेशला, घरमालकांना. अर्ध्या तासाचं काम होतं आणि ते मी केलं नाही. आज मला स्वतःचीच किळस येतेय.

उद्या बाबांना सांगतो.

१ मार्च, शनिवार. दुपार

सांगितलं.

जेवण झाल्यावर बाबांसमोर बसलो आणि म्हटलं, बाबा, आपली बिल्डिंग गेली. माझ्यामुळे. बाबांनी एका कानातला इअरफोन काढून विचारलं, कुठे गेली? मी सगळं सांगितलं. मुदत, पत्ता, नऊ रकाने. बोलताना रडायला आलं. बाबांनी टॅब माझ्याकडे फिरवला.

आमची गॅलरी. कुंडी जागेवर. जिन्यात किरण उभा होता, गच्चीवर हर्षद. निधी टाकीपाशी काहीतरी दुरुस्त करत होती.

सहा तारखेलाच निधीने भाड्याने घेतला. मी तिला प्रोसेस समजावली त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग बाबांना फोनवर शिकवलं. तेव्हापासून बाबा रोज दुपारी तिथे असतात, चेतना शनिवारी जाते. मी विचारलं की मला का नाही सांगितलं. बाबा म्हणाले, पोरं म्हणाली, मिथुनला सांगितलं तर तो मीटिंग घेईल. चेतना किचनमधून म्हणाली की मशीन आणल्यावर ती दोनदा सांगायला आली होती, त्या आवाजात मला ऐकूच गेलं नाही.

मला राग यायला हवा होता. आला नाही. बिल्डिंग उभी आहे एवढंच डोक्यात येत राहिलं.

मग ग्रुपवर विचारलं, मला आत कसं यायचं? निधीने कळवलं की नवीन माणसाला फक्त अ‍ॅडमिन आत घेऊ शकतो. मी विचारलं, अ‍ॅडमिन कोण? तिने लिहिलं, अंबादासकाका. दिवसभर मोकळे असतात आणि लवकर निर्णय घेतात.

बाबांना म्हटलं, मला घ्या. बाबा म्हणाले, घेतो, पण आता जरा पडतो.

पडले. साडेचारला उठतात. आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत. चहाचं आधण ठेवू का विचारायला दोनदा खोलीत डोकावलो. घोरतायत. बसलोय.