ह्यांचं मशीन चालू राहिलं

दि. ९ ऑक्टोबर

चि. वायरमन हिला आईचे अनेक आशीर्वाद.

तू बरी असशील, आणि वर्कशॉपमधल्या विजेवरच्या स्कूटरच्या बॅटऱ्या तुला वेळेवर जेवू देत असतील अशी आशा करते. आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांचा खोकला होता तेवढाच आहे, पण चिडचिड वाढली आहे. म्हणजे तब्येत सुधारते आहे असं मी धरून चालले आहे. तुला वायरमन म्हणायचं ह्यांनी काही सोडलेलं नाही, म्हणून मीही तेच नाव घातलं.

पत्र बघून दचकू नकोस. एवढे फोन होतात, मग हे कशाला, असं वाटेल. फोनवर तू हॅलोच्या आधी व्होल्टेज विचारतेस. मी आकडा सांगते, तू "छान" म्हणतेस, आणि बाकीचं बोलणं राहूनच जातं. आज ठरवून बसले आहे.

आधी गच्चीची खबर. सोलरची पॅनेलं परवाच धुतली. कबुतरांनी त्यांच्याखाली संसार थाटायचा घाट घातला होता, तो मी जाळी लावून मोडून काढला. बॅटरीचे सगळे सेल एका पातळीवर आहेत. जोड थंड आहेत. तू शिकवलंस तसं आधी सगळं बंद करते आणि मगच हात लावून बघते.

तुला माहीत असलेलंच आता लिहिणार आहे, पण मला ते एकदा नीट मांडायचं आहे. आमच्या भागातलं वीज उपकेंद्र जळलं तेव्हापासून विजेचा काही नेम राहिला नव्हता. दुकानातून आणलेला इन्व्हर्टर ह्यांच्या ऑक्सिजनच्या मशीनपुढे लगेच मान टाकायचा. मग मशीन किंचाळायला लागायचं, मी सिलिंडरकडे धावायची, आणि नळी बदलून होईपर्यंत हे माझं मनगट धरून ठेवायचे. जन्मभर बेकरीत भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. पिठानं छाती निकामी केली तरी कधी कुरकुर केली नाही. पण त्या मधल्या क्षणाला ते घाबरायचे, आणि घाबरतो असं म्हणायचे नाहीत.

शेवटी मी म्हटलं, आपणच करू काहीतरी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी काढली मी, वायरींना मी भीत नाही. भीती वाटत होती ती तुला फोन करायची. तुझा आणि आमच्या लेकाचा घटस्फोट झाल्यापासून तुझा-माझा एक शब्द झाला नव्हता. काय बोलायचं ते मी मनात घोळवून ठेवलं होतं. तू फोन उचललास, मी विजेचं कसंबसं सांगितलं, आणि तू म्हणालीस, "आई, मशीनच्या पाठीवर किती वॅट लिहिलेत ते वाचा बघू." माझी सगळी तयारी वाया गेली. मला त्यातलं 'आई' तेवढं ऐकू आलं. वॅट किती ते तुला पुन्हा विचारावं लागलं, आठवतं?

पुढचे ते दिवस फार चांगले गेले गं. तू सांगितलंस म्हणून मी दिवसभर गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली खडूनं आखत फिरले, कारण एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी अख्ख्या रांगेची वीज उतरते. समोरच्या नर्सबाईंनी ह्यांना हळूच विचारलं, मला काही होतंय का म्हणून. वेल्डरनं स्टँड केला तो आधी उलट्या दिशेला झुकणारा. त्याला सूर्य कुठून कुठे जातो हे मी हातवारे करून दाखवलं. सेल आले तेव्हा ह्यांनी एकेक हातात घेऊन वजन पाहिलं. जोडायच्या आधी सगळे सारखे चार्ज करून घ्यायचे असं तू म्हणालीस, तर लगेच म्हणतात, "मग! गोळे सारखे नसले तर पाव एकसारखे फुगतील का?" त्या दिवसापासून वायरी सोलायचं खातं त्यांनी स्वतःकडे घेतलं. नाकात नळी, मांडीवर वर्तमानपत्र, हातात कातरी. किती तरी महिन्यांनी त्यांना कुणीतरी कामाला लावलं होतं.

आणि मग तो जोड गरम लागला. मी सहज सांगावं तसं सांगितलं आणि तुझा आवाजच बदलला. सगळं बंद करा, कशाला हात लावू नका, मी येते, म्हणालीस. रजा टाकून, दिवसभर बसमध्ये अंग आंबवून आलीस. माझ्या हातून तो बोल्ट अर्धवट आवळला गेला होता. तू तो उघडून दाखवलास तेव्हा वायरीचं टोक काळं पडलं होतं. रागावली असतीस तरी चाललं असतं. तू फक्त पाना माझ्या हातात दिलास आणि सगळे जोड माझ्याकडूनच पुन्हा करून घेतलेस.

तुला ह्यांच्या खोलीत जायला जड जात होतं ते मला दिसत होतं. दाराशी तू पिशवीतली हत्यारं उगाच लावत बसलीस. तेही आतून काही बोलत नव्हते. मग चाचणीची वेळ आली. तू म्हणालीस, बाबांना सिलिंडरवर ठेवू आणि मशीन नुसतं चालवून बघू. तेव्हा ते बोलले.

"माझ्यावरच बघा. भट्टीतला पहिला पाव मीच खात आलोय."

तू माझ्याकडे पाहिलंस. मी सिलिंडर उघडून हाताशी धरला आणि तू मेन स्विच खाली केलास. पंखा थांबला. आमच्या जुन्या फ्रिजनं एक उसासा टाकला. मशीन मात्र होतं तसंच घुमत राहिलं. त्यांनी डोळे मिटले आणि नुसता श्वास घेत राहिले. नंतर म्हणाले, "वायरमन, जेवून जायचं." एवढंच. तू स्वयंपाकघरात तोंड धुवायला गेलीस आणि बराच वेळ नळ चालू होता. मी आत आले नाही. येऊ नये असं वाटलं.

वादळाचं तुला फोनवर सांगितलंय, पण घाईत. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं झाड तारांवर पडलं आणि सगळा भाग अंधारात गेला. पहिल्या दिवशी मी मिरवून घेतलं, खोटं कशाला सांगू. नर्सबाईंचा आणि आजूबाजूच्या सगळ्यांचा फोन आमच्याकडे चार्जिंगला. दुसऱ्या दिवशीही ढग हटेनात. बॅटरी उतरत चालली. तुला लावते तर फोनला रेंज नाही. मग खाली बसले आणि विचार केला, वायरमन काय म्हणाली असती? पहिल्या दिवशी हौसेनं बॅटरीवर लावलेला फ्रिज बंद केला. सगळे चार्जर काढले. आणि ह्यांना सांगितलं, थोडं जरी उघडलं तरी दुपारभर तुम्ही सिलिंडरवर राहायचं, म्हणजे येईल ती वीज बॅटरीत जाईल आणि रात्र निघेल. सिलिंडरचा त्यांना किती तिटकारा आहे तुला ठाऊक आहे. पण ते म्हणाले, "हेड ऑपरेटर म्हणतील तसं." मी मशीन बंद केलं, शांतपणे नळी बदलली. त्यांनी माझं मनगट धरलं नाही. संध्याकाळी आकडा वर चढलेला दिसला तेव्हा मी गच्चीवर जाऊन पॅनेलवरून हात फिरवून आले.

तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. तिसऱ्याच दिवशी तोही आला, आमचा लेक.

इथपर्यंत आले खरी. फोनवर हेच राहत होतं.

तो रस्ते बंद म्हणून अर्धी वाट चालत आला होता. आम्ही कुठल्या अवस्थेत असू याची धास्ती घेऊनच दारात शिरला, तर वडील खुर्चीत बसून चहा पिताहेत. त्यानं त्यांच्या गुडघ्याला हात लावला. मग विचारलं, हे सगळं कुणी बसवलं. हे म्हणाले, तुझ्या आईनं आणि वायरमननं.

जेवताना त्यानं सांगितलं. तो लग्न करतो आहे. ऑफिसमधलीच मुलगी आहे, चांगली आहे म्हणतो. तुला हे बाहेरून कुणाकडून कळू नये असं मला वाटत होतं, आणि माझ्या तोंडूनही निघत नव्हतं. तुला कसं वाटेल ते मला माहीत नाही. कसंही वाटलं तरी ते बरोबरच असेल.

पुढे तो म्हणाला, गच्चीवरचं काढून टाकू, मी कंपनीचा तयार सेट बसवून देतो, त्यांची माणसं येऊन बघून जातील. मी म्हटलं, हा चांगला चाललाय की. तर म्हणतो, "तसं नाही आई. काही बिघडलं की तुम्ही तिला बोलावणार. घरात येणाऱ्या नव्या माणसाला ते अवघड जाईल."

तो वाईट मनानं बोलला नाही. पण माझा घास हातात राहिला. मी तोंड उघडायच्या आत हे बोलले. त्यांना सलग बोलता येत नाही, मध्ये थांबावं लागतं, म्हणून सगळ्यांना थांबूनच ऐकावं लागतं.

"तुझं लग्न हो, आम्हाला आनंद आहे. ती आली की हे तिचं घर. पण ही पोरगी आता तुझ्या नात्यानं येत नाही इथे. आमच्या नात्यानं येते."

तो ताटावरून उठला आणि गच्चीवर गेला. मी जाऊ दिलं. वर बराच वेळ होता. खाली आला आणि म्हणाला, "वायरी किती सरळ ओढल्यात." मग बंद करायचा स्विच कोणता, आधी काय आणि नंतर काय, हे त्यानं माझ्याकडून शिकून घेतलं. म्हणाला, मी इथे असताना वेळ आली तर मलाही हे जमायला हवं. जाताना एवढंच बोलला की होणाऱ्या बायकोला मी सांगेन, ती समजून घेईल. सेट काढायचं नाव पुन्हा निघालं नाही.

पोरी, तू आम्हाला काय दिलंस ते मला शब्दांत पकडता येत नाही. वीज म्हणावी तर ती दुकानातही मिळाली असती. ह्यांची भीती गेली. मला माझ्या हातांचा भरवसा परत मिळाला. आणि तुला आमच्याशी बोलायचं काही बंधन नव्हतं, तरी तू बोललीस.

आता सगळं नीट चालतं आहे. बिघाड नाही, आणि झालाच तर निम्मं मला जमेल. तेव्हा तुला बोलवायला माझ्याकडे कारण काहीच नाही, आणि तरीही बोलावते आहे. पाकीट जड लागलं असेल, त्यात किल्ली आहे. गच्चीची नाही, घराच्या दाराची. ह्यांनी सांगून करवून घेतली. यावंसं वाटेल तेव्हा ये, न कळवता ये. नाहीच वाटलं, तरी परत पाठवू नकोस. तुझ्याजवळ असू दे.

तुझी, कुठल्याही कागदानं न बदलणारी,
आई