मोतीबिंदूची पुस्तिका आणि साहेबांचा फोटो

तीर्थरूप अप्पामामा,

सुलेखाचा वाकून नमस्कार. (इथूनच, फर्दापूरला येऊन वाकावं तर रजा शिल्लक नाय.) मामींचे गुडघे काय म्हणतात? लेण्यांचा रस्ता विचारणाऱ्याला तुम्ही अजून चहा पाजूनच सोडता का? आम्ही इकडं संभाजीनगरात खुशाल आहोत, म्हणजे मी सोडून.

झालं असं, की आमच्या कार्यालयानं मोफत मोतीबिंदू ऑपरेशनची माहितीपुस्तिका काढायचं ठरवलं. ती अधू नजरेच्या माणसालाही वाचता यावी, असा वरून आदेश. डिझाइन करून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी औरंगपुऱ्यातल्या ऋतुराजला गाठलं. पोरगा गुणी, पण त्याची सगळी हयात (पंचविशीचा असेल) लग्नपत्रिकांत गेलेली. पहिला नमुना आणला तो पिवळसर कागदावर सोनेरी, वेलबुट्टीची नाजूक अक्षरं आणि कोपऱ्यात गुलाब. मी म्हटलं, हे मलाच दिसंना. तो म्हणाला, "मॅडम, क्लासी आहे." वाद नको म्हणून त्याला नमुन्यासकट आमच्या नेत्रतपासणी शिबिरात नेलं. तिथं पारूबाई नावाच्या आजींनी कागद हातात घेतला, गुलाबावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "लगीन कवाचं हाय?" ऋतुराजनं समजावलं, की हे डोळ्याच्या ऑपरेशनचं आहे. "व्हय, पण जेवण कुठं ठिवलंय?" येताना रिक्षातच त्यानं पेनानं गुलाब खोडला.

दुसरा नमुना लई झकास आला. पांढऱ्यावर काळीभोर ठळक अक्षरं, ओळींत ऐसपैस जागा, वाक्यं छोटी. मग तो नमुना मंजुरीला आमच्या साहेबांकडं गेला. मोठ्या अक्षरांचं तत्त्व साहेबांना इतकं पटलं, की त्यांनी स्वतःचा फोटोही त्याच हिशेबानं मोठा करवला. एक फोटो मुखपृष्ठावर, एक आत पानभर, आणि ऑपरेशनला येताना काय आणायचं ते पान जागेअभावी बाद. मी विरोध केला, तर म्हणाले, लोकांनाच विचारू. (कौतुकाची त्यांना खात्री होती.)

पुढच्या शिबिराला साहेब जातीनं हजर, आणि पारूबाईही, फेरतपासणीला. आजींनी मुखपृष्ठ नाकाशी धरून बराच वेळ न्याहाळलं आणि शेजारी उभ्या साहेबांनाच विचारलं, "ह्या बिचाऱ्याचं आपरेशन बिघडलं का ओ?"

"नाही आजी, त्यांचे डोळे चांगले आहेत," साहेब म्हणाले.

"मंग ह्यो हितं कशाला?"

मी छताकडं बघत राहिले. बदलीचा हुकूम निघतोय असंच मला वाटलं. साहेब गाडीत बसले, काच खाली केली आणि म्हणाले, फोटो दोन्ही काढा, ते पान परत घाला. इतक्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा आवडला.

थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुमची भाची,
सुलेखा

ता.क. छपाईआधी एक जाणता वाचक हवा आहे. तुमच्यासारखा शुद्धलेखनाला कडक माणूस इथं नाय. सोमवारी मामींना घेऊन याच.

आणखी ता.क. मामी, इथून पुढं मोठ्यानं वाचू नका. पुस्तिका कधीच छापून झाली. सोमवारचा मामांचा नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडं लावलाय. दर पत्र तुमच्याकडून वाचून घेतात आणि वर चष्मा हरवलाय म्हणतात, हे कुठवर चालायचं? त्यांनी विचारलं, गप्प का झालीस, तर सांगा, सुलेखाचं अक्षर लागत नाय.