चिंचगुळाचा मासा

आबा, काल मी खापरला, आपल्या गावी, जाऊन आले. घरात आपण अहिराणीच बोलायचो, पण लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतली मराठीच उतरते. तशीच वाचा.

तुम्ही गेल्यावर दादा-वहिनीने हायवेला हॉटेल टाकलंय. पत्र्याची शेड, बाहेर प्लास्टिकची टेबलं, गल्ल्यावर दादा, तव्यावर वहिनी. गुजरातकडून येणाऱ्या गाड्या मुद्दाम थांबतात. पाटीवर लिहिलंय, ‘आबांचा मासा’. ती वाचली आणि माझं डोकं फिरलं. आबा माझे, आणि मासा वहिनीचा कसा?

तुमचा रविवार मला अजून दिसतो. आई मासा-मटणाला शिवत नाही, म्हणून गोठ्यामागे तुमची वेगळी चूल. लोखंडी तव्यावर शेंगदाण्याचं तेल तापतंय, हळद-मीठ लावलेले रोहूचे तुकडे तुम्ही एकेक करून सोडताय. कातडी कडक झाल्याशिवाय तुकडा हलवायचा नाही, हे मला लांबूनच कळलेलं. मग लसूण, लाल मिरची, आणि शेवटी वाटीतला चिंचगुळाचा कोळ. तो चर्र करून उसळतो, आटतो आणि माशाला काळसर, चकचकीत होऊन चिकटतो. मी जवळ सरकते. तुम्ही हातातलं उलथणं माझ्याकडे रोखता. “मांगे सर, धूर शे. तुले काय करनं शे शिकीसन? खाय आन गप बैस.”

मी गप बसले. लग्न होऊन शहाद्याला गेले. तिथे गॅसवर किती वेळा करून पाहिला! कधी गूळ करपतो, कधी चिंच पुढे येते, कधी मासा तव्यालाच राहतो. नवरा बिचारा खातो, पण माझ्याच घशाखाली उतरत नाही. मी मनाला समजावलं होतं, की तो मासा तुमच्याबरोबर गेला. कुणालाच येत नाही म्हटल्यावर तेवढं दुःख होत नव्हतं.

काल वहिनीने ताट पुढे ठेवलं. पहिला घास घेतला आणि मला गोठ्यामागचा धूर आठवला. मी विचारलं, “कोणी शिकवलं तुला?”

“आबास्नी,” ती म्हणाली. “खाटवर पडेल व्हतात तवय. रोज करी दाखाडू. बिघडना का ताट सरकाई देत.”

म्हणजे शेवटच्या आजारपणात. मी दर आठवड्याला सफरचंदं घेऊन यायचे, उशाशी बसायचे, आणि तुम्ही मला याबद्दल एका शब्दाने बोलला नाहीत. परक्याच्या घरून आलेल्या पोरीला दिलंत आणि मला मागे सरकवलंत. मी तिला म्हणाले, “नशीबवान आहेस. मला तर चुलीजवळ येऊ दिलं नाही कधी.”

वहिनी कधी उलट बोलत नाही. पण काल तिने फडक्याला हात पुसले आणि माझ्यासमोर बसली. हातावर तेलाचे जुने डाग होते. “ताई, मी चुल्हापान बसू, आन आबा म्हनेत, मन्ही पोरले मी काटा काढीसन देऊ. रोज तेच. माले कोनी काटा काढी दिधा का कधी?”

खरंच की. रोहूत बारीक काटे किती! तुम्ही बोटांनी चाचपून काटे काढलेला मासा माझ्या भातावर ठेवायचात, आणि मी तो न बघता खायचे. ती माझ्यावर जळत होती, मी तिच्यावर. तुम्ही दोघींना अर्धं अर्धं दिलंत आणि निघून गेलात. दादा गल्ल्यावरून बघत होता. मला तिची कीव आली, आबा, पण जळफळाट गेला नाही. निघताना ती म्हणाली, “रविवारले या, शिकाडसू.” मी “बघू” म्हणून एसटीत बसले.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, वहिनीला तर नाहीच. कारण एक गोष्ट तिला कळायला नको, आणि तुम्हालाही ती शेवटीच सांगतेय. तिचा मासा तुमच्यापेक्षा चांगला झाला होता.