सरूचं बाळंतपण आणि विमानाची शिडी

१५ जानेवारी १९७३, नगर

तिकीट आलं! जावयांनी कॅनडातून सगळी व्यवस्था केली. मी ते नुसतं हातात घेतलं आणि लगेच देव्हाऱ्यात ठेवून दिलं.

सरूला सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण तिचं ब्लडप्रेशर वाढलंय, पायांवर सूज आहे, तिथल्या डॉक्टरने प्रवास करू नको म्हणून सांगितलंय. मग माहेरानेच उठून टोरांटोला जायचं – म्हणजे मी! हे म्हणाले, "त्यात काय, बसायचं आणि उतरायचं." शाळेत वर्षानुवर्षं शास्त्र शिकवून ह्यांना सगळंच सोपं वाटायला लागलंय.

१९ जानेवारी

जेवताना ह्यांनी पोळीची घडी करून विमान कसं उडतं ते समजावलं. वरची हवा, खालची हवा. पोळी गार झाली. मला सगळं समजलं आणि भीती होती तिथेच राहिली.

२३ जानेवारी

आज पेपरला मधोमध खिडकी! ह्यांनी कात्रीने एक बातमी कापून काढली होती. मी तडक शेजारी पुष्पावतीबाईंकडे गेले आणि त्यांच्या पेपरात ती वाचली. कुठेतरी विमान पडलंय. कापली नसती तर मी बहुतेक वाचलीही नसती. हा माणूस हुशार की अडाणी, इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

२८ जानेवारी

उंचीची सवय व्हावी म्हणून डोंगरावरच्या चांदबीबीच्या महालावर जाऊन ये, ही ह्यांचीच कल्पना. सोबतीला आमची भांडी घासणारी गोजरबाई. अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "वहिनी, ते इमान याच्यापरीस उंच जातंय व्हय?" म्हटलं, पुष्कळ उंच. "मंग मी न्हाई बसायची बया! मी म्हशीवर सुदिक कदी बसले न्हाई." छान धीर दिला!

पण वर गेल्यावर नवलच झालं. कठड्यापाशी उभी राहून अख्खं नगर पाहिलं, भुईकोट किल्ला पाहिला. पाय कापले नाहीत, छाती धडधडली नाही. म्हणजे भीती उंचीची नाही. मग कशाची?

२ फेब्रुवारी

कळलं. एस.टी.ने देवळालीला नणंदेकडे निघाले होते. वाटेत मळमळायला लागलं. कंडक्टरला सांगितलं, त्याने घंटी मारली, गाडी थांबली. खाली उतरून चूळ भरली, परत येऊन बसले. एवढंच.

विमानात कोणाला सांगू? एकदा दार लावलं की लावलं. जन्मभर दूध तापवायचं कामसुद्धा मी कोणावर सोपवलं नाही, आणि तिथे आभाळात नुसतं हात बांधून बसायचं! समुद्रावर! वाटलं होतं, कारण सापडलं की भीती जाईल. उलट वाढली. कारण ते कारण खोटं नाही.

११ फेब्रुवारी

गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. सरूची ओटी माझ्याच पदरात भरली – हिरवं लुगडं, खण, नारळ. मी तिच्या वतीने हळदीकुंकू लावून घेतलं. सगळ्या हसत होत्या. गोजरबाई म्हणाली, "पोरगा झाला तर लई शिकवू नको म्हनावं, न्हाईतर त्योबी असाच लांब जाईल." मीही हसले. मग आत जाऊन रडले. एवढ्या बायकांनी भरलेली ओटी घेऊन आता मागे फिरता यायचं नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी गोळी दिली. विमानात बसल्यावर घ्यायची. आधी बसायला तर हवं!

२१ फेब्रुवारी

परत आले. लिहवत नाही.

२२ फेब्रुवारी

सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत नीट गेले. हे तिथल्या गच्चीतून हात हलवत होते. शिडीच्या तीन-चार पायऱ्या चढलेसुद्धा. वर दार दिसलं, आतला उजेड दिसला, आणि पाय उचलेनाच. कठडा घट्ट धरून उभी राहिले. मागचे लोक खोळंबले. एक सरदारजी फार मायेने "चलो माताजी" म्हणाले, माझी पिशवीही त्यांनी उचलून घेतली. मी त्यांच्या हातातून पिशवी ओढून घेतली आणि खाली उतरले. पलीकडे माझी लेक होती. आणि मी खाली उतरले.

हे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पुण्यापर्यंत माझी पिशवी मांडीवर धरून बसले.

भर दुपारी गल्लीत टांगा थांबला. पुष्पावतीबाई दारातच होत्या. "अगंबाई वहिनी, काही विसरलं का?"

२६ फेब्रुवारी

ह्यांनी सरूला तार केली होती – आईची प्रकृती बिघडली. आज तिची उलट तार. तू काळजी घे, माझी चिंता नको. तिच्यासाठी बांधलेला डिंकाचा लाडू ह्यांनी माझ्यापुढे ठेवला. मी तो परत डब्यात ठेवला.

४ मार्च

दार लावून बसते. हळदीकुंकवाचं बोलावणं आलं, गेले नाही. गोजरबाईसुद्धा आता मागच्या दाराने येते, भांडी घासून जाते. हे म्हणतात, तिकीट वर्षभर चालतं. बाळंतपण वर्षभर थांबणार आहे का? रोज डोळे मिटून त्या पायऱ्या चढायचा प्रयत्न करते. मनातसुद्धा वर पोचत नाही. माझ्याने हे व्हायचं नाही, कधीच व्हायचं नाही. माझ्यासारख्या आईपेक्षा आई नसलेली बरी.

११ मार्च

तार आली. सरू वाचली. बाळ गेलं.

तू असतीस तरी काही वेगळं झालं नसतं, असं हे म्हणतात. असेल. पण ती तिथे दवाखान्यात पडून आहे, आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवायला आई नाही.

ह्यांना म्हटलं, मिळेल त्या विमानात जागा बघा. आजच. भीती आहेच. असू दे.